प्राचार्यांनी कॉलेजमधल्या घडामोडी सगळ्या सेवकांपर्यंत वेळेवर पोहोचवायच्या कशा?

आयक्यूएसी_तालुका

तालुक्याच्या गावचं अनुदानित महाविद्यालय आहे. कला, वाणिज्य, विज्ञान तिन्ही शाखा. सकाळी कनिष्ठ, दुपारी वरिष्ठ. पूर्णवेळ आणि तासिका तत्त्वावरचे (घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन मिळणारे) शिक्षक, कार्यालय, प्रयोगशाळा, ग्रंथालय, शिपाई मिळून नव्वदच्या आसपास माणसं. आवारात काय चाललंय ते प्रत्येकाला वेळेवर आणि सारखंच कळावं अशी नवीन प्राचार्यांची इच्छा आहे.

सध्या एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात वाढदिवस, सुविचार आणि सूचना एकत्र वाहतात. नोटीस बुक शिपायाच्या हातून सगळ्या विभागांत फिरून येईपर्यंत तीन दिवस जातात. मग तासिकेवरचे शिक्षक वीस किलोमीटरवरून येतात तर वर्ग रॅलीला गेलेला असतो, सेमिनार हॉल एकाच वेळी दोन विभागांना दिलेला असतो, आणि महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या अर्जाची मुदत वाढली हे कार्यालयाला खिडकीवर आलेल्या मुलांकडून कळतं.

प्राचार्यांनी दर आठवड्याला काहीतरी लिहावं असं घाटतंय. त्यात काय असावं, किती असावं, तयार कोणी करावं? ग्रुप आणि नोटीस बुकाचं काय करायचं? नॅकसाठी (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था) नोंद कशी ठेवायची?

---

उपप्राचार्य_विज्ञान

सर, आठवड्याला ए-फोर कागदाची एकच बाजू. साडेतीनशे ते चारशे शब्द, त्यापुढे नाही. दोन पानं झाली की लोक ‘नंतर वाचू’ म्हणतात आणि वाचत नाहीत.

क्रम महत्त्वाचा. सर्वांत वर येत्या आठवड्यात रोजच्या कामात काय बदल आहे ते: कोणते तास होणार नाहीत, कोणता हॉल कोणाकडे, कोण ड्यूटी लीव्हवर, पाणी किंवा वीज कधी बंद. त्याखाली झालेले निर्णय, कारणासह. मग झालेल्या कार्यक्रमांच्या दोन-दोन ओळी. शेवटी माणसांच्या बातम्या: पीएच.डी., निवृत्ती, कोणाच्या घरचं दुःख. बहुतेक ठिकाणी हे उलटं छापतात. वर पाहुण्यांच्या सत्काराचा फोटो आणि बदललेलं वेळापत्रक तळाला.

मजकूर कसा असावा याचं उदाहरण देतो. नेहमीची सूचना अशी असते: ‘राष्ट्रीय सेवा योजना विभागातर्फे स्वच्छता अभियान आयोजित करण्यात आले आहे, तरी सर्वांनी सहकार्य करावे.’ यातून कोणालाच काही करता येत नाही. तीच अशी लिहा: ‘बुधवारी तिसऱ्या व चौथ्या तासाला एनएसएसचे स्वयंसेवक बसस्थानकावर असतील. बी.ए. भाग १ व बी.कॉम. भाग १ चे हे दोन तास शुक्रवारी सातव्या-आठव्या तासाला, खोली १२ व १४ मध्ये होतील. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बदल नाही. शंका असल्यास कार्यक्रम अधिकाऱ्यांशी बोला.’ कोण, कधी, कुठे, भरपाई कशी आणि विचारायचं कोणाला, एवढं आलं की फोन थांबतात.

वेळेची साखळी: गुरुवारी दुपारी दोनपर्यंत विभागप्रमुख, एनएसएस, एनसीसी, जिमखाना, ग्रंथालय, वसतिगृह आणि कार्यालय यांनी आपल्या बाबी द्यायच्या, प्रत्येकी जास्तीत जास्त तीन ओळी. शुक्रवारी सकाळी एकाच व्यक्तीने संकलन करायचं आणि हॉल, खोल्या, तास एकमेकांवर येत नाहीत ना ते मुख्य वेळापत्रकाशी ताडून पाहायचं. हॉलचा गोंधळ इथेच पकडला जातो. शुक्रवारी संध्याकाळी प्राचार्यांनी वाचून वरच्या चार-पाच ओळी स्वतः लिहायच्या. शनिवारी सकाळी दहाला पान बाहेर.

या चार-पाच ओळी दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. सेवकांना प्राचार्यांचा विचार त्यातूनच कळतो. एखादी मागणी मान्य झाली नसेल तर तेही तिथे सरळ लिहावं: ‘संगणक प्रयोगशाळेचे यूपीएस या तिमाहीत घेता येणार नाहीत, कारण निधी छतदुरुस्तीला वळवला आहे.’ नकार कारणासकट कळला तर माणसं समजून घेतात. काहीच कळलं नाही तर स्टाफरूममध्ये तर्क सुरू होतात.

---

कार्यालय_अधीक्षक

वरील सूचना योग्य आहेत. कार्यालयाच्या बाजूने काही गोष्टी जोडतो.

साप्ताहिक पान हे परिपत्रकाची जागा घेऊ शकत नाही. परीक्षेची पर्यवेक्षण ड्यूटी, रजा, समितीवरील नेमणूक, खुलासा मागणे अशा बाबींना जावक क्रमांक, तारीख, प्राचार्यांची सही आणि घेणाऱ्याची पोच लागतेच. पानात फक्त ‘पर्यवेक्षणाचे परिपत्रक निघाले आहे, प्रत परीक्षा विभागात’ एवढा उल्लेख करावा. आदेश केवळ पानात दिला आणि कोणी गैरहजर राहिले, तर पुढे कारवाईला आधार उरत नाही.

त्यामुळे नोटीस बुक बंद करू नये, हलके करावे. फक्त सहीची परिपत्रके त्यात ठेवावीत. सकाळ व दुपार अशी दोन बुके केली आणि प्रत्येक बुकाला परतीची वेळ ठरवली, तर ती त्याच दिवशी फिरून येतात.

व्हॉट्सॲपवर सूचनांचा ग्रुप वेगळा काढावा. सेटिंगमध्ये संदेश पाठवण्याची परवानगी फक्त ॲडमिनला द्यावी. ॲडमिन तिघेच असावेत: प्राचार्य, उपप्राचार्य, अधीक्षक. शुभेच्छांचा जुना ग्रुप तसाच राहू द्या, तो बंद केला तर त्या शुभेच्छा नव्या ग्रुपवर येतील. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरू नये. ज्याने पाठवणाऱ्याचा नंबर फोनमध्ये साठवलेला नाही त्याला तो संदेश पोहोचत नाही, आणि नवीन लागलेले तासिकेवरचे शिक्षक नेमके त्यातच सुटतात. रुजू होण्याच्या कागदांबरोबरच ग्रुपमध्ये नाव घालण्याचे काम आस्थापना लिपिकाकडे लावून द्यावे. सेवा संपली की नाव काढण्याचेही.

चतुर्थ श्रेणी सेवकांचा विचार आधी करावा. हॉल उघडणे, खुर्च्या लावणे, जनरेटर, पाणी ही सगळी कामे त्यांचीच, आणि माहिती शेवटी त्यांनाच मिळते. पान मराठीतच हवे. चौदा पॉइंट अक्षरात पाच-सहा प्रती छापाव्यात: स्टाफरूम, कार्यालय, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि फाटकावरची सुरक्षा चौकी. शनिवारी सव्वादहाला दहा मिनिटे सर्व शिपाई व परिचरांना एकत्र करून अधीक्षकांनी ते वाचून दाखवावे. रविवारच्या परीक्षेच्या बाकांची अडचण किंवा बिघडलेली मोटार त्या दहा मिनिटांतच समजते.

---

अंतर्गत_समिती_सदस्य

काय लिहू नये याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

लैंगिक छळाच्या तक्रारीबद्दल पानात, ग्रुपवर किंवा सभेत काहीही सांगायचं नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ नुसार तक्रारदार, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती आणि साक्षीदार यांची ओळख, तक्रारीतला मजकूर, चौकशीचं कामकाज, शिफारशी आणि केलेली कारवाई हे सगळं गोपनीय आहे. ‘एका विभागातील प्रकरण मिटले’ असंही नको, छोट्या कॉलेजात विभाग म्हटला की माणूस कळतो. या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं, संपर्क आणि तक्रार कशी द्यायची हे मात्र प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला जरूर छापा.

रॅगिंगचंही असंच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २००९ च्या विनियमांतली कारवाई ठरल्याप्रमाणे होईल. पानात फक्त हेल्पलाइन, १८००-१८०-५५२२, आणि आपल्या रॅगिंगविरोधी पथकाच्या फेऱ्यांची जबाबदारी कोणाकडे ते द्या. कमी हजेरीची यादी, फी थकलेल्यांची यादी, मुलांचे आजार, जात प्रमाणपत्राच्या अडचणी यातलं काहीच नावानिशी नको. कागद स्टाफरूमच्या टेबलावर पडतो आणि मुलांच्या फोनमध्ये जातो.

अचानक काही घडलं, अपघात, मारामारी, एखाद्या विद्यार्थ्याचा मृत्यू, तर शनिवारची वाट पाहायची नाही. पहिल्या तासाभरात प्राचार्यांच्या नावाने चार ओळी सूचना ग्रुपवर: खात्रीने काय कळलं आहे, आज तास होणार की नाही, पालक आणि पत्रकारांशी कोण बोलणार, पुढची माहिती किती वाजता येईल. कारणाबद्दल एक शब्द नाही. आणि सांगितलेल्या वेळी नवीन काही नसलं तरी ‘अजून नवीन माहिती नाही’ असं लिहायचंच. हे चुकलं की शिक्षकांनाच मुलांकडून बातम्या ऐकाव्या लागतात, आणि वर्गात घाबरलेल्या मुलाने काही विचारलं तर त्यांच्याकडे उत्तर नसतं.

---

समन्वयक_माजी

नॅकच्या नोंदीपुरतं. प्रत्येक पानाला वर्ष आणि अनुक्रमांक द्या, पीडीएफचं नाव तेच ठेवा, एक छापील प्रत प्राचार्यांच्या सहीने फाइलला. वार्षिक अहवाल भरताना कार्यक्रम, तारखा आणि जबाबदार व्यक्ती शोधत बसावं लागत नाही. कार्यक्रमाचे जिओटॅग फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की आकार घटतो आणि फोटोतली स्थळाची आतली नोंद निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर चढवा. पण पान पुराव्यासाठी सजवू नका. फोटो वाढले की वेळापत्रक आक्रसतं.

दुसरं, महाविद्यालय विकास समिती. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम ९७ नुसार तिची वर्षातून किमान चार वेळा बैठक व्हायला हवी. तिच्यावर शिक्षकांनी निवडून दिलेले तीन प्रतिनिधी असतात, शिक्षकेतरांचा एक असतो आणि प्राचार्य सदस्य सचिव असतात. एवढं असूनही तिथे काय ठरलं ते बऱ्याच कॉलेजांत सेवकांना कळतच नाही. इतिवृत्त कायम व्हायला पुढची बैठक लागते, म्हणून ते जसंच्या तसं छापता येत नाही. पण बैठकीनंतरच्या शनिवारी ‘चर्चेला आलेले विषय आणि ठरलेली कामं’ पाच-सहा ओळींत देता येतात. संस्थेच्या अध्यक्षांना आधी दाखवा, म्हणजे पुढे वाद नको.

---

आयक्यूएसी_तालुका

सर्वांचे आभार. दोन शंका. तासिकेवरचे शिक्षक शनिवारी येत नाहीत, त्यांना बुधवारी झालेला बदल कसा कळणार? आणि परीक्षेच्या काळात, सुट्टीत पान चालू ठेवायचं का?

---

उपप्राचार्य_विज्ञान

पान निघाल्यावर झालेला बदल सूचना ग्रुपवर ‘बदल’ या शब्दाने सुरू होणाऱ्या एका ओळीत द्या, आणि आदल्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर तासात बदल करायचा नाही असा नियम प्राचार्यांनी स्वतःलाही लावून घ्यावा. त्यानंतर रद्द झालेल्या तासासाठी माणूस येऊन पोहोचला, तर त्याला दुसरा वर्ग किंवा ट्यूटोरियल द्या, कारण त्याचं मानधन घेतलेल्या तासांवर आहे. सोबत एक सामायिक गुगल कॅलेंडर ठेवा, सर्वांना फक्त पाहण्याची परवानगी, बदल करणारा एकच. हॉलच्या नोंदी त्यातच.

परीक्षेत पान अर्धं करा: बैठक व्यवस्था, कॅपला (उत्तरपत्रिका तपासणी केंद्र) गेलेल्यांची नावं, निकालाची कामं. दिवाळीच्या सुट्टीत नको, पण कॉलेज उघडण्याच्या दोन दिवस आधी एक पान हवंच, त्यात पहिल्या दिवशीचं वेळापत्रक आणि सुट्टीत आवारात झालेली बांधकामं, बदललेल्या खोल्या.