इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) ऑप्शन फॉर्म: यादी कशी लावू? (तातडीची मदत हवी)

घाईतली_ताई: भावाला सीईटीत ९४ पर्सेंटाइल. कॉम्प्युटरच हवंय. पुण्यातली सीओईपी, पीआयसीटी, व्हीआयटी एवढीच कॉलेजं भरून बसलाय. उद्या लिंक बंद. अजून कोणती टाकू? लेक्चर नको, नावं सांगा.

मुठाकाठ: कॅटेगरी? बारावी कुठून? राउंड कितवा?

आजोबा_ऑनलाइन: कमिन्स टाका. कर्वेनगरात आहे, वातावरण उत्तम. आमची नात तिथलीच.

घाईतली_ताई: आजोबा, भाऊ आहे हो! तिथे फक्त मुली घेतात. राउंड पहिलाच.

वालचंदी: ब्रँचचा हट्ट सोडा. सांगलीला वालचंदमध्ये इलेक्ट्रिकल मिळालं तरी घ्या. कॉलेजचं नाव जन्मभर पुरतं.

कोडकरी: आणि चार वर्षं नावडतं शिकायचं? ब्रँच आधी, कॉलेज नंतर.

वालचंदी: आमच्या बॅचचे मेकॅनिकलवाले आज आयटीतच आहेत. असो, सांगलीची भेळ तरी मिळेल.

मुठाकाठ: ताई, बारावी कुठून ते सांगा, बाकी राहू द्या.

घाईतली_ताई: लातूर. ओबीसी. नॉन क्रिमीलेयरचा दाखला काढायला टाकलाय.

मुठाकाठ: हे आधी सांगायचं ना! म्हणजे होम युनिव्हर्सिटी नांदेडची, पीआयसीटी पुणे विद्यापीठातलं. पीआयसीटीच्या कटऑफमध्ये शेवटी 'एच' (होम) असलेला कॉलम तुमचा नाही, 'ओ'चा (अदर, म्हणजे बाहेरच्यांचा) बघा. पर्सेंटाइलपेक्षा मेरिट नंबर ताडून बघा. दाखला वेळेत आला नाही तर ओपनमध्ये धरतील, तेव्हा ओपनचे आकडेही बघून ठेवा.
तीन ऑप्शन म्हणजे जुगार झाला, ३०० भरता येतात. वरची तीन राहू द्या, स्वप्नातलं कॉलेज वर टाकल्याने खालच्याचा चान्स कमी होत नाही. त्याखाली गेल्या वर्षी तुमच्या नंबराच्या आसपास कटऑफ थांबलेली कॉलेजं, तीच जास्त. नांदेडचं एसजीजीएस कॉलेज विसरू नका. तळाशी नक्की मिळतील अशी पाच-सहा, पण खरंच जाणार असाल तरच. पहिल्या राउंडला एक नंबरचं लागलं की आपोआप फ्रीज होतं (तीच सीट पक्की, पुढचे राउंड नाहीत), दुसऱ्याला पहिल्या तिनांतलं.

कोडकरी: एआय-डीएस (एआय आणि डेटा सायन्स), आयटीपण टाका. 'कॉम्प्युटरच' म्हणून अडू नका.

आजोबा_ऑनलाइन: मेसचं जेवण कुठलं चांगलं?

घाईतली_ताई: टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी माफीच्या सीट) वेगळं भरायचं का?

मुठाकाठ: हो, त्याचा चॉइस कोड वेगळा. उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. त्याच ब्रँचच्या साध्या कोडच्या वर टाका.