ब्रॉयलरच्या खाद्यात स्पिरुलिना: किती द्यावी आणि चाचणी कशी लावावी? (मदत हवी आहे)

नमस्कार. ब्रॉयलर (मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या) पिल्लांच्या खाद्यात स्पिरुलिना या सूक्ष्मशैवालाची भुकटी पूरक म्हणून वापरून पाहायची आहे. मात्र ती सगळ्या शेडला देण्याआधी काही शंका फिटाव्यात, म्हणून हा धागा काढत आहे. सध्याचे खाद्य मका आणि सोयाबीन पेंड यांवर बेतलेले, भरड स्वरूपातले आहे.

पहिली शंका उपयोगाबद्दलच आहे. स्पिरुलिनाच्या कोरड्या भुकटीत साधारण 55 ते 70 टक्के प्रथिने असतात, हे विक्रेते आवर्जून सांगतात. पण 1 टक्का भुकटी मिसळली तर तिच्यातून खाद्यात जेमतेम अर्धा-पाऊण टक्का प्रथिने येतात, आणि स्टार्टर (लहान पिल्लांना सुरुवातीला देतात त्या) खाद्यात तर ती मुळातच 22-23 टक्के असतात. त्यामुळे वजनवाढ दिसलीच, तर तिचे श्रेय प्रथिनांपेक्षा फायकोसायनिन, कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांसारख्या ऑक्सिडीकरणरोधी घटकांना आणि आतड्यातील उपयुक्त जिवाणूंना द्यावे लागेल, असे मला वाटते. हा तर्क बरोबर आहे का? उलट सोयाबीन पेंडीला पर्याय म्हणून मात्रा 15 टक्क्यांपर्यंत नेली, तर आतड्यातील खाद्य चिकट होऊन पचन आणि वाढ दोन्ही खालावतात, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणून 1 टक्क्यापलीकडे जाण्याचा विचार नाही.

क्लोरेला या हिरव्या सूक्ष्मशैवालाचाही पर्याय सुचवला गेला आहे. तिची पेशीभित्ती टणक असल्याने ती कोंबडीला नीट पचत नाही, तर स्पिरुलिनाची (काटेकोरपणे पाहता ती शैवाल नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारा जिवाणूच आहे) पेशीभित्ती पातळ आणि सेल्युलोजविरहित असते. क्लोरेला घ्यायचीच झाली, तर तिच्या पेशी खरोखर फोडलेल्या आहेत की नाहीत, हे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येते का?

आता रोजच्या कामातली अडचण. ही भुकटी मैद्यासारखी बारीक असते आणि भरडीतून निसटून फीडरच्या तळाशी साचते, त्यामुळे काही पिल्लांना जास्त आणि काहींना नावापुरतीच मिळेल अशी भीती वाटते. आधी थोड्या मक्याच्या भरडीत घोळून मग मुख्य मिश्रणात टाकणे पुरेसे ठरते, की थोडे तेल लावावे लागते? शिवाय हिरव्या भुकटीमुळे विष्ठेला हिरवट छटा आली, तर राणीखेत या विषाणूजन्य रोगाची हिरवी हगवण वेळीच लक्षात कशी यावी? मरतूक सुरू होईपर्यंत थांबणे परवडणारे नाही.

शेवटचा प्रश्न चाचणीचा. शेडचे सरळ दोन भाग करून एकीकडे भुकटी दिली, तर हवा, ऊब आणि लिटरचा (जमिनीवर पसरलेल्या भुशाचा) ओलावा यांतला फरकच एफसीआरमध्ये (एक किलो वजनवाढीसाठी लागलेल्या खाद्यात) दिसेल. त्याऐवजी एकाच उबवणीच्या पिल्लांचे छोटे कप्पे करून, भुकटीचे आणि बिनभुकटीचे कप्पे चिठ्ठ्या टाकून ठरवावेत आणि दर आठवड्याला पिल्लांचे वजन व उरलेले खाद्य मोजावे, असे ठरवले आहे. प्रत्येक बाजूला किमान किती कप्पे असले तर निष्कर्षावर भरवसा ठेवता येईल? ज्यांनी अशी चाचणी स्वतः केली आहे, त्यांनी कप्प्यातील पिल्लांची संख्याही कृपया सांगावी.