टणत्कार, झंकार, खुळखुळ: कंपाउंड धनुष्याच्या दोरीचा आवाज आणि 'स्ट्रिंग सायलेन्सर'ला मराठी शब्द

विचारणा, ठाणे (पश्चिम)

कंपाउंड धनुष्याच्या (टोकांना कॅम, म्हणजे चाकं, असलेल्या धनुष्याच्या) देखभालीचं एक माहितीपत्रक मराठीत आणायचं आहे. मूळ मजकूर अमेरिकेतला, शिकारीच्या धनुष्याबद्दलचा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्न येत नाही. वाचणारे सगळे मैदानावर लक्ष्यभेद करणारे आहेत. 'स्ट्रिंग सायलेन्सर' आणि 'स्ट्रिंग स्टॉप' या दोरीचा आवाज कमी करणाऱ्या भागांच्या दोन शब्दांशी अडलं आहे. 'सायलेन्सर' लिहिलं की मोटरसायकल डोळ्यांपुढे येते. शिवाय सगळ्या आवाजांना 'टणत्कार' लिहिलं तर चालेल का?

ऐरोलीहून

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो: चालणार नाही. धनुष्यातून निघणारे आवाज वेगवेगळ्या जागांहून येतात आणि मराठीत त्यांना वेगळे शब्द तयार आहेत. नेमका शब्द लिहिलात तर वाचणाऱ्याला बिघाडाची जागाही कळेल.

'टणत्कार' म्हणजे दोरी सुटून एका झटक्यात थांबते तो मुख्य आवाज. तो पूर्ण जात नाही, कमी होतो. तो मोठा येण्याचं मुख्य कारण हलका बाण. ताणलेल्या पात्यांतली (धनुष्याच्या वर-खालच्या वाकणाऱ्या पट्ट्यांतली) जी ऊर्जा बाण घेऊन जात नाही, ती दोरी, केबल आणि पात्यांत कंप म्हणून उरते. धनुष्याच्या ओढीच्या दर पाउंडामागे बाणाचं वजन किमान ५ ग्रेन हा सर्वसाधारण दंडक आहे, म्हणजे ५० पाउंडांच्या धनुष्याला २५० ग्रेन, सुमारे १६ ग्रॅम. तोच बाण ३५० ग्रेनचा (सुमारे २३ ग्रॅम) केला तर आवाजात फरक कानाला लगेच कळतो. वेग कमी होतो आणि साइट (नेम धरायची खूण) पुन्हा लावावी लागते. उत्पादकाने दिलेल्या किमान वजनाखाली मात्र कधीच जाऊ नये. फार हलका बाण म्हणजे जवळपास रिकामी दोरी सोडणं, आणि त्यात पाती तडकतात.

टणत्कारानंतर रेंगाळतो तो 'झंकार'. सायलेन्सरचं खरं काम इथे.

'खुळखुळ' ऐकू आली तर दोरीला हातही लावू नका. साइट, रेस्ट (बाण टेकायची जागा), स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारी दांडी), भाता यांपैकी कशाचा तरी स्क्रू ढिला आहे. धनुष्य हातात धरून रायझरवर (मुठीच्या मधल्या भागावर) बोटांच्या पेरांनी टकटक करा आणि एकेक जोडणी काढत जा. आवाज थांबला की तीच जागा. स्क्रूला निळं लॉकटाइट (स्क्रू जागी धरणारा गोंद) लावून एलन कीने आवळा. लाल लावलं तर पुढे तापवल्याशिवाय निघणार नाही. खाडीकडच्या दमट खाऱ्या हवेत हे स्क्रू गंजतात, म्हणून पावसाळ्यात ही तपासणी जास्त वेळा करावी.

ओढतानाची 'करकर' आणखी वेगळी: केबल स्लाइड (केबल बाजूला धरणारा सरकता तुकडा) कोरडी पडली आहे, कॅमच्या बेअरिंगमध्ये धूळ गेली आहे, किंवा पात्याच्या बुडाशी घर्षण होतंय. बाण रेस्टवरून मागे येताना 'खरखर' होत असेल तर रेस्टला फेल्टचा तुकडा चिकटवला की झालं.

नेरूळहून

सायलेन्सरला 'गोंडा' म्हणा. रबराच्या बारीक मिशांचा झुपका असो की लोकरीचा गोळा, दिसतो गोंड्यासारखाच आणि बांधलाही तसाच जातो. 'रबरी गोंडा', 'लोकरी गोंडा' हे कोणालाही समजेल. 'नादशमक' शुद्ध आहे, पण दुकानात कोणी मागणार नाही. लोकरी गोंडा पावसात पाणी धरून जड होतो, त्यामुळे आपल्याकडे रबरीच बरा.

बसवण्याची कृती लिहिताना या गोष्टी सुटू देऊ नका. गोंडे दोन, सारख्या वजनाचे. दोरीच्या एकूण लांबीच्या पाव अंतरावर, एक वरून आणि एक खालून. दोन्ही अंतरं टेपने मोजून सारखी ठेवायची. मधोमध बांधलेलं वजन वेग सर्वात जास्त खातं, आणि कॅमच्या अगदी जवळचा गोंडा कॅमच्या खाचेत ओढला जाऊन दोरी उतरवू शकतो. कॅमपासून निदान दोन-तीन इंच तरी मोकळे हवेत. धनुष्य प्रेसवर (पाती दाबून धरणाऱ्या यंत्रावर) घेऊन ताण उतरवायचा, दोरीचे धागे दोन सारख्या भागांत विलग करायचे (दोन रंगांची दोरी असेल तर रंगावरून), गोंडा मधून घालायचा आणि वर-खाली सर्व्हिंगच्या (दोरीवर वेढे देऊन गुंडाळायच्या) धाग्याने घट्ट बांधायचा. प्रेसशिवाय पात्यांचे बोल्ट वाटेल तसे सोडून हे करू नये.

सर्वात जास्त चुकतं ते यानंतर. धागे विलग करून पुन्हा जुळवताना पीळ बदलतो आणि पीप (दोरीत बसवलेलं, नेम धरायचं छोटं भोक) फिरतो, म्हणजे पूर्ण ओढल्यावर डोळ्यासमोर भोकाऐवजी त्याची कड येते. म्हणून आधी पीपच्या वर-खाली पांढऱ्या मार्करची खूण करा. गोंड्याच्या दोन्ही बाजूंनाही खूण हवी. वीसेक बाणांनंतर तो सरकला असेल तर दिसतो.

'स्ट्रिंग स्टॉप'ला सरळ 'दोरी-थांबा'. रायझरमधून मागे येणाऱ्या दांडीवरचं ते रबरी टोक. धनुष्य स्थिर असताना टोक आणि दोरी यांच्यात दीड ते तीन मिलिमीटर फट असावी. जास्त असली तर दोरी त्यावर आपटते आणि 'फट्' असा नवाच आवाज सुरू होतो. टोक दोरीला दाबून बसलं असेल तर दोरी जागची सरकते आणि बाण भरकटतात. रबर कडक झालं असेल तर बदला, त्यावर दुसरा इलाज नाही.

घोडबंदर रोडहून

'दोरी' या शब्दाबद्दल थोडं. अमरकोशात धनुष्याच्या दोरीला मौर्वी, ज्या, शिंजिनी आणि गुण असे चार शब्द एकत्र दिलेत. मौर्वी तिच्या द्रव्यावरून, मूर्वा नावाच्या वनस्पतीच्या तंतूंवरून. शिंजिनी मात्र 'शिंज्', म्हणजे किणकिणणे, या धातूवरून. पैंजणांच्या 'शिंजना'तला तोच. दोरीचं नावच तिच्या नादावरून पडलेलं, आणि इथे तो नाद काढून टाकायचा आहे! भूमितीतली जीवाही धनुष्याची दोरीच. धनुष्य म्हणजे वर्तुळाचा कंस, दोरी म्हणजे जीवा.

माहितीपत्रकात तरी 'प्रत्यंचा' टाळावा असं मला वाटतं. 'प्रत्यंचा चढवणे' ही क्रिया कंपाउंड धनुष्यात रोज होत नाही. दोरी कायम चढलेलीच असते. शब्द वाचून कोणी ती हाताने उतरवायला गेलं तर इजा होईल. 'दोरी' लिहा.

आणि मेण विसरू नका. डायनीमा-व्हेक्ट्रनच्या (कृत्रिम तंतूंच्या) दोरीला मेण कमी पडलं की धागे सुटे होऊन लव उभी राहते. बोटांनी चोळून उबेने मुरवायचं, जादा पुसायचं. सर्व्हिंगच्या वेढ्यांवर लावायचं नाही, वेढे घसरतात.

विचारणा, ठाणे (पश्चिम)

तिघांचेही आभार. एक राहिलं. मूळ मजकुरात हरिण 'दोरीवरून उडी मारतं' अशा अर्थाचा प्रयोग आहे. शब्दशः ठेवला तर काहीच बोध होत नाही.

ऐरोलीहून

शब्दशः नकोच. आपल्याकडे बैल बुजतो, घोडा बुजतो. तसं 'हरिण दोरीच्या आवाजाला बुजतं' लिहा. त्यामागचा हिशेब एका ओळीत दिलात तर सगळा खटाटोप कशासाठी ते मैदानावरच्या वाचकालाही कळेल. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, बाणाचा ८५. तीस मीटरवर आवाज ०.०९ सेकंदात पोचतो, बाण ०.३५ सेकंदात. मधल्या पाव सेकंदात हरिण उडीसाठी पाय दुमडून खाली दबतं आणि बाण पाठीवरून जातो.

विचारणा, ठाणे (पश्चिम)

मग असं लिहितो: 'झंकार कमी करण्यासाठी दोरीच्या पाव अंतरावर दोन रबरी गोंडे बांधावेत. गोंडा ढिला झाल्यास पुन्हा बांधावा. दोरी-थांब्याची फट दीड ते तीन मिलिमीटर ठेवावी.'

नेरूळहून

'पाव अंतरावर'च्या आधी 'दोन्ही टोकांपासून' घाला, नाहीतर दोन्ही गोंडे एकाच बाजूला बांधले जातील. आणि गोंडा 'ढिला' नाही, 'सैल'. स्क्रू ढिला होतो, गाठ सैल होते. पत्रकात दोन्ही येणार आहेत, तेव्हा आवळायचं काय आणि बांधायचं काय हे त्या एका शब्दावरून कळेल.