मामांची टपरी, अतिक्रमणची नोटीस आणि हातात सात दिवस. सल्ला हवा

ओसरी:
मंडळी, घाईत लिहितोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

माझे मामा गेली २२ वर्षं बसस्थानकाजवळ फुटपाथवर चहा-पोह्यांची टपरी चालवतात. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मुंबईबाहेरची महापालिका एवढं पुरे. फेरीवाला सर्वेक्षणात त्यांचं नाव आहे, प्रमाणपत्र आहे, ओळखपत्र आहे. सोमवारी अतिक्रमण विभागाचा माणूस टपरीवर कागद चिकटवून गेला: सात दिवसांत अतिक्रमण काढा, नाहीतर आम्ही काढू आणि खर्च वसूल करू. मामा म्हणतात, "धा वेळा आले आन् गेले." पण या वेळी शेजारच्या रस्त्यावर जेसीबी फिरलाय. कोर्टातून स्थगिती मिळेल का? वकिलाचा खर्च झेपेल असं वाटत नाही.

खडूस_काका:
अजिबात घाबरू नका. सुप्रीम कोर्टाचा नोव्हेंबर २०२४ चा बुलडोझरवाला निकाल आहे. १५ दिवसांची नोटीस नसेल तर हात लावता येत नाही, अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई! निकालाची प्रिंट काढून टपरीवरच डकवा.

वहिवाट:
काका, व्हॉट्सअ‍ॅपवर त्या निकालाचा अर्धाच भाग फिरतो. १३ नोव्हेंबर २०२४, न्या. गवई आणि न्या. विश्वनाथन. १५ दिवस, सुनावणी, चित्रीकरण, सगळं खरं. पण रस्ता, गल्ली, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी-तलाव अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामांना हे लागू नाही, असं त्याच निकालात स्पष्ट लिहिलंय. मामांची टपरी फुटपाथवर. प्रिंट डकवली तर अधिकारीच ती ओळ वाचून दाखवेल.

मामांचा खरा आधार २०१४ चा पथविक्रेता कायदा. कलम १८ प्रमाणे प्रमाणपत्रातल्या जागेवरून विक्रेत्याला हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस हवी, आणि कलम ३३ मुळे हा कायदा इतर कायद्यांवर भारी पडतो. सात दिवस इथे अडतात.

दोन गोष्टी सांगा. नोटीस कोणत्या कलमाखाली आहे? आणि प्रमाणपत्रात लिहिलंय त्यापेक्षा टपरी मोठी झाली आहे का? खरं सांगा, इथून कोणी पथक पाठवणार नाही.

ओसरी:
कलम २३१ लिहिलंय.

दुसऱ्याचं उत्तर... हो. प्रमाणपत्रावर हातगाडी आहे. चाकं केव्हाच गेली. आता लोखंडी अँगल रोवलेत, वर पत्र्याची शेड, पुढे कडप्प्याचा ओटा आणि गिऱ्हाइकांना दोन बाकडी.

वहिवाट:
तरीच.

२३१ म्हणजे महानगरपालिका अधिनियम, १९४९. त्याखाली रस्त्यावर उभारलेली वस्तू आयुक्तांना विनानोटीस हटवता येते, तेव्हा सात दिवस दिले हीच मेहेरबानी समजा. २६० असतं तर बांधकामाची कारणे दाखवा नोटीस, लेखी खुलासा वगैरे रस्ता निघाला असता. मामांचं प्रमाणपत्र धंद्याचं आहे, बांधकामाचं नाही. शेड आणि ओट्यावर भांडलात तर गाडीची जागाही घालवून बसाल. कोर्टात शेडचं लपवलं आणि पालिकेच्या वकिलाने फोटो पुढे केला, की अंतरिम दिलासा तिथेच संपला.

म्हणून शेड आणि ओटा स्वतः काढा. आधीचे-नंतरचे फोटो तारखेसकट ठेवा. मग लेखी उत्तर द्या: वाढीव भाग काढला आहे, उरलेली गाडी प्रमाणपत्रानुसार आहे, हलवायचीच असेल तर कलम १८ प्रमाणे करा. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. एक प्रत शहर फेरीवाला समितीला. ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असतात, त्यातला एखादा ओळखीचा निघतोच.

तरीही गाडीवर आले तर हायकोर्टात रिट. आणि पालिकेने कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असा कोर्टात आधीच दिलेला अर्ज) टाकलंय का ते आधी बघा, नाहीतर तातडीने धावाल आणि पुढची तारीख घेऊन परत याल. फीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असतील तर वकील फुकट मिळतो.

जाता जाता: मुंबईतल्या पदपथांवरच्या झोपड्यांबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा १९८५ चा ओल्गा टेलिस निकाल सगळे "पदपथवासी जिंकले" म्हणून सांगतात. उपजीविकेचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये (जगण्याचा हक्क) आला हे खरं, पण झोपड्या हटवायची मुभा मिळालीच, फक्त ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरून महिनाभर थांबायला सांगितलं. पर्यायी जागेचा हक्क १९७६ च्या गणनेचं ओळखपत्र असलेल्यांना. तेव्हाही कागदच कामी आला.

चालता_बोलता:
राग मानू नका. माझी आई काठी घेऊन चालते. अशाच एका ओट्यामुळे तिला रोज रस्त्यावर उतरावं लागतं, मागून रिक्षा हॉर्न मारतात. मामांची गाडी राहू दे, ओटा जाऊ दे.

ओसरी:
पटलं. मामांना पटवणं अवघड आहे.

शेवंता७:
माझ्या आईची भाजीची गाडी उचलली होती. पथविक्रेता कायद्याच्या कलम १९ प्रमाणे जप्त मालाची यादी सहीनिशी द्यावी लागते, दंड भरून मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी सोडायचा, बाकीचा मागणीपासून दोन कामकाजाच्या दिवसांत. आम्ही यादी मागितलीच नाही. तीन क्रेट टोमॅटो गोदामात सडले आणि वर म्हणे, कसले टोमॅटो? त्यामुळे पथक आलं की हुज्जत घालू नका, यादी मागा.

ओसरी:
अपडेट. रविवारी शेड उतरवली. ओटा मामांनी कोणाला फोडू दिला नाही, स्वतः पहार घेतली. कडप्पा घरी आणलाय, मामी म्हणते मोरीला होईल. जुन्या बाजारातून चाकं आणून बसवली.

उत्तर द्यायला गेलो तर कारकून म्हणाला, "साहेब आल्यावर या." सव्वादोन तास बसलो, शिक्का घेऊनच उठलो.

आज पथक आलं. मामांनी प्रमाणपत्र आणि पोच दाखवली, मुकादमाने फोनवर कोणाशी तरी बोलून गाडी सोडली. बाकडी मात्र टेम्पोत टाकली. यादी मागितली, मिळाली: "लाकडी बाकडे, नग २." वहिवाट, ती सोडवायला दंड मामांनीच भरायला हवा, की पावती मी घेतली तरी चालेल? मामा त्या ऑफिसात पाय ठेवायला तयार नाहीत.