कुलकर्णी साहेब गेले

[सोसायटीचा ग्रुप. रविवार, २३ नोव्हेंबर २०२५]

केतकी (सी-५०४): सुप्रभात. फॅमिली मॅन वेब सिरीजचा तिसरा सीझन कोणी कोणी संपवला? मला बोलायचंय, घरात कोणी ऐकून घेत नाहीये.

ओंकार (ए-३०२): ताई प्लीज स्पॉयलर नको!! मी आत्ता पहिला भाग लावतोय.

केतकी: नाही देणार रे. पण शुक्रवारी आला, आज रविवार आहे. दोन दिवसांत सात भाग होत नाहीत?

ओंकार: आमच्याकडे टीव्ही आजीच्या ताब्यात असतो.

शुभांगीताई (बी-६०१): केतकी, कसा आहे ते एका वाक्यात सांग. ह्यांना दाखवू की नको?

केतकी: दाखवा. पण एका वाक्यात नाही मावणार ताई, माफ करा, लिहितेच.

पहिला सीझन आला सप्टेंबर २०१९ मध्ये. दहा भाग. शेवटी काय, तर दिल्लीत केमिकल फॅक्टरी, गॅस, हेरखात्यातले झोया आणि मिलिंद आत अडकलेले, आणि पडदा काळा. त्यानंतर पावणेदोन वर्षं लटकलो. दुसरा फेब्रुवारी २०२१ ला येणार होता, तो ४ जूनला आला. त्यात निवृत्त हेर चेल्लम सर मिळाले, बंडखोर राजी मिळाली, म्हणून सगळं माफ केलं. त्याच्याही शेवटी कोलकात्यातला एक माणूस चिनी भाषेत मेसेज करतो आणि कोविडची चाहूल लागते. मला वाटलं, आता पुढची गोष्ट इथूनच. मग चार वर्षं पाच महिने शांतता. तोवर कोविड येऊन, जाऊन, जुना झाला. आणि आता सात भाग. सात! पहिल्यात दहा, दुसऱ्यात नऊ, तिसऱ्यात सात. आकडे बघा, पाण्याच्या टाकीसारखी पातळी उतरतेय.

सेक्रेटरी: टाकीचा विषय कृपया वेगळा मांडावा. मोटर कालच दुरुस्त झाली आहे.

केतकी: काका, उपमा होती ती.

शुभांगीताई: म्हणजे वाईट आहे का?

केतकी: वाईट अजिबात नाही. तोच तर त्रास आहे. वाईट असता तर दुसऱ्या भागात बंद करून झोपले असते. पहाटे तीनपर्यंत बसले. जयदीप अहलावत आहे ह्यात, रुक्मा नावाचा. तो पडद्यावर आला की मी फोन उलटा ठेवत होते. आवाज चढवत नाही, डोळे मोठे करत नाही, नुसता उभा राहतो आणि वाटतं आता काहीतरी मोडणार. निम्रत कौर पण आहे, तिचं काम थंड डोक्याने सगळं हलवायचं.

वसंतकाका (ए-१०१): मनोज बाजपेयी आम्ही १९९८ पासून बघतो आहोत. सत्यातला भिकू म्हात्रे. त्याची सर याला नाही.

केतकी: काका, भिकू वेगळा, ह्या सिरीजमधला हेर श्रीकांत वेगळा. भिकू शहराला ओरडून विचारतो, श्रीकांत बायकोच्या फोनला घाबरतो. दोन्ही तोच माणूस करतो, ह्यातच सगळं आलं ना.

वसंतकाका: हा मुद्दा मान्य.

मीनाक्षी काकू (बी-४०४): तो बुटका मित्र आहे का अजून? तळपदे. मी त्याच्यासाठीच बघते.

केतकी: आहे आहे! जेके आहे म्हणून तर सिरीज उभी आहे. श्रीकांत देशासाठी धावतो आणि जेके श्रीकांतसाठी. ह्या वेळी श्रीकांतवरच संशय आहे, आपलेच लोक मागे लागलेत, बायको-पोरं घेऊन पळतोय. अशा वेळी दोघं गाडीत बसून फालतू वाद घालतात ना, ते मला नागालँडच्या सगळ्या गोळीबारापेक्षा जास्त आवडलं.

आणि माझी तक्रारही तिथेच आहे. ही सिरीज मी हेरगिरीसाठी धरलीच नव्हती. पहिल्या सीझनमध्ये हा माणूस अतिरेक्यांच्या मागे असतो आणि त्याच वेळी पोरांच्या शाळेतून फोन येतो. दोन्हीकडे सारखाच हरतो. दुसऱ्यात तो टास्क हे आपलं हेरखातं सोडून आयटीत जातो, निम्म्या वयाचा बॉस त्याला मिनिमम गाय म्हणतो, आणि शेवटी जे होतं ते बघून नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने टाळी वाजवली असणार. मी तर उभी राहिले होते.

शुभांगीताई: कुठली गाय?

केतकी: इंग्रजीतला गाय, ताई. माणूस.

शुभांगीताई: बरं.

केतकी: तर ह्या वेळी बाहेरचं प्रकरण एवढं मोठं केलंय, पंतप्रधान, सीमा, चीन, शस्त्रांचा धंदा, की घर मागच्या सीटवर गेलं. पोरांना बाप हेर आहे हे कळतं. केवढी मोठी गोष्ट! आठ-दहा वर्षं खोटं बोललेला बाप. मला त्यावर एक पूर्ण भाग हवा होता. धृती त्याच्याकडे कशी बघते, अथर्वला आधी काय विचारावंसं वाटतं. ते गमतीत उरकलं. गंमत छान आहे, हसलेच मी, पण उरकलं.

गंमत म्हणजे घर मिळालं ते रुक्माला. त्याच्या गळ्यात एक लहान पोर येऊन पडतं आणि त्याला कळत नाही त्याचं काय करायचं. त्याला नीट जवळही घेता येत नाही. ते प्रसंग बघताना वाटलं, अरे, फॅमिली मॅन तर हा झाला.

ओंकार: ताई हा स्पॉयलर नाही का???

केतकी: नाही रे, हा विचार आहे.

सेक्रेटरी: ह्या मालिकेत प्रोजेक्ट सहकार असा उल्लेख आहे असे मुलाने सांगितले. आपल्या सहकारी संस्थेशी काही संबंध?

केतकी: ईशान्येतल्या शांततेसाठीची योजना आहे काका ती. पण आपल्या वार्षिक सभेलाही चालेल.

वसंतकाका: आम्ही काल रात्री सुरू केला. सुरुवातीलाच कुलकर्णी साहेब गेले हो. फार वाईट वाटलं. अनुभवी माणूस होता. झोप लागली नाही.

ओंकार: काकाaaa

ओंकार: माफ करा, कीबोर्ड घसरला. काका!!! मी अजून पहिल्याच भागात आहे!

मीनाक्षी काकू: अरे देवा. कधी?

सौ. देसाई (सी-२०१): भावपूर्ण श्रद्धांजली.

जाधव (ए-५०१): ॐ शांती. परवाच लिफ्टमध्ये भेटले होते. चांगले दिसत होते.

देशमुख (बी-१०३): भावपूर्ण श्रद्धांजली. वहिनींना फोन लागत नाहीये.

केतकी: थांबा थांबा थांबा. सिरीजमधले कुलकर्णी! श्रीकांतचे वरिष्ठ! बी-२०३ वाले नाहीत!

सौ. देसाई: देव त्यांच्या आत्म्यास शांती देवो.

केतकी: देसाई काकू, वर वाचा ना.

सेक्रेटरी: संस्थेतर्फे शोकसभा घ्यायची असल्यास क्लब हाऊस उपलब्ध आहे. वेळ कळवावी.

केतकी: काका!!! दलीप ताहिल गेले! म्हणजे ते पण नाही, त्यांचं पात्र गेलं!

ओंकार: छान. म्हणजे आता पूर्ण ग्रुपने मिळून मला स्पॉयलर दिला.

वसंतकाका: मी मेसेज डिलीट केला आहे.

जाधव: आता काय उपयोग काका. मी आमच्या बिल्डिंगच्या जुन्या ग्रुपवर फॉरवर्ड केला.

शुभांगीताई: बी-२०३ ला खरंच कुलूप आहे पण. शुक्रवारपासून. पेपर दारातच पडलेत, दोन.

देशमुख: आता मला पण काळजी वाटायला लागली.

केतकी: येतील हो, कुठेतरी गेले असतील. तोवर माझं एकच राहिलंय, शेवट. सांगत नाही, ओंकार, घाबरू नकोस. फक्त एवढंच. शेवटच्या भागात मी सहज रिमोटचं बटण दाबलं, किती उरलंय बघायला. खालची रेघ जवळजवळ टोकाला पोचलेली. आणि इकडे एकही गाठ सुटलेली नव्हती. मी रेघेकडे बघतेय, गोष्टीकडे बघतेय, परत रेघेकडे. ही काय बेरीज आहे? मग नावंच वर सरकायला लागली. मी रिमोट हातात धरून तशीच बसले होते. नवरा म्हणाला, पुढचा लाव. म्हटलं, पुढचा कदाचित पोरगी कॉलेजात जाईल तेव्हा.

मीनाक्षी काकू: पण श्रीकांतच्या बायकोचं, त्या सुचीचं काय? ऑफिसातल्या अरविंदबरोबर लोणावळ्याला गेली तेव्हा काय झालं होतं, ते तरी सांगितलं का?

ओंकार: हा प्रश्न मला पण आहे. हा सांगितलेला चालेल.

केतकी: हेच नेमकं नाही सांगणार मी. सहा वर्षं अख्खा देश विचारतोय, लोणावळ्यात काय झालं. अरविंद झालेला शरद केळकर कुठेही दिसला तरी आमच्या घरात पहिला प्रश्न हाच. तुम्ही स्वतः बघा.

[दुपारी १:४०]

कुलकर्णी (बी-२०३): नमस्कार. फोन आत्ता चालू केला. ४३ मिस्ड कॉल आहेत. आणि माझ्या मेव्हण्याने रडत विचारलं की किती वाजता नेणार. कोणी सांगेल का काय चाललंय?

सौ. देसाई: अय्या! काका, तुम्ही आहात?

कुलकर्णी: सध्या तरी.

वसंतकाका: कुलकर्णी, चूक माझी. टीव्हीतले कुलकर्णी गेले, मी नीट लिहिलं नाही. घरी येऊन माफी मागतो.

कुलकर्णी: माफी राहू द्या. जाधवांनी श्रद्धांजलीत माझं वय ७५ टाकलंय. मी ६८ चा आहे.

जाधव: दुरुस्त करतो काका.

कुलकर्णी: दुरुस्त नको, काढा.

शुभांगीताई: पण होतात कुठे दोन दिवस? पेपर दारात बघून पोटात गोळा आला होता.

कुलकर्णी: आम्ही दोघं लोणावळ्याला गेलो होतो. फोन मुद्दाम बंद ठेवला होता.

ओंकार: !!!!!!!!!!

केतकी: काका.

मीनाक्षी काकू: लोणावळ्यात काय झालं?

कुलकर्णी: काय होणार? काही नाही झालं.

केतकी: ती पण असंच म्हणाली होती.

कुलकर्णी: कोण ती?

सौ. कुलकर्णी (बी-२०३): हो, कोण ती?