प्रतिसाद: न्यूट्रल मिल्क हॉटेल, गूढ की गाणी?

न्यूट्रल मिल्क हॉटेल या अमेरिकन रॉक बँडचा गायक-गीतकार जेफ मँगम १९९८ च्या 'इन द एरोप्लेन ओव्हर द सी' या अल्बमनंतर गायब झाला नसता तर या बँडला कुणी विचारलं नसतं, हा वरच्या पोस्टमधला मुद्दा अर्धाच पटतो. गूढामुळे नाव वाढलं हे खरंच. पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या वेबसाइटने त्याच अल्बमला १९९८ मध्ये दहापैकी ८.७ गुण दिले आणि २००५ च्या पुनर्प्रकाशनाला थेट १०. मधल्या काळात गाणी काही बदलली नव्हती, त्यांच्याभोवतीची दंतकथा तेवढी मोठी झाली.

पण याच अल्बममधलं 'ओ कम्ली' (Oh Comely) हेडफोन लावून एकदा नीट ऐका. गाणं आठ मिनिटांहून लांब, जवळजवळ सगळं एक गिटार आणि एका आवाजाच्या जोरावर. डेन्व्हरच्या स्टुडिओत निर्माता रॉबर्ट श्नायडरला खरं तर आवाजाची पातळी तपासायला थोडंसंच हवं होतं. मँगमने गाणं सुरू केलं ते संपवूनच थांबला. तोच टेक अल्बमवर आहे, ब्रासची वाद्यं नंतर चढवली. अगदी शेवटी मागून कुणीतरी थक्क होऊन ओरडतं, तेही तसंच ठेवलंय. ओरडणारा त्यांचाच वादक, स्कॉट स्पिलेन. तेव्हा दंतकथा नव्हती, कुणी गायबही झालं नव्हतं, तरी तिथे हजर असलेल्या माणसाला राहवलं नाही. मँगमचा 'आवाज बेसूर आहे' ही वरच्या पोस्टमधली तक्रार मात्र मला मान्य नाही. वरच्या सुरांवर तो ताणला जातो, फाटतो, पण त्या शब्दांना गुळगुळीत गळा शोभलाच नसता. बँडचा याआधीचा अल्बम मात्र मलाही विस्कळीत वाटतो.