मदत हवी आहे: झाडीतल्या पायवाटा कशा वाचवायच्या?

वस्तीमागच्या झाडीत ऐन हिवाळ्यात जलवाहिनीचं काम सुरू झालंय. गोठलेली जमीन कडक असते, पक्ष्यांची घरटीही नसतात, म्हणून हा मोसम निवडला, ते पटतं. पण मधेच बर्फ वितळतं आणि अवजड यंत्रं चिखलातून फिरतात. माती दाबली गेली की मुळांना हवा-पाणी मिळत नाही, आणि झाडांची बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटीमीटरमध्येच असतात, फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली. झाडं वाळायला काही वर्षं जातात, तोवर ठेकेदार निघून गेलेला असेल. त्याचीच जास्त भीती वाटते.

जुन्या झाडांभोवती कुंपण आणि यंत्रांच्या वाटेवर लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर, एवढं मागतोय. आणखी काय लेखी घ्यावं? दाबलेली माती नंतर मोकळी कशी करतात? चालायला पर्यायी वाट कुणी मिळवलीय का? वयस्कर मंडळींचं फिरणं पार थांबलंय.